ढालकऱ्याचा पंथ

ड्रायक्लीनिंगच्या दुकानात ताई कामाला लागली तेव्हापासून तिचा एक नियम होता. डाग कशाचा, हे गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय ती कपड्याला हात लावत नसे. चहाला एक औषध, तेलाला दुसरं; अंदाजाने गेलं की डाग कायमचा बसतो. तिच्या हातांना त्या औषधांचा वास कायम असे, आणि वयाने मोठी माणसंही तिला ताईच म्हणत. आईवडील लवकर गेले. धाकट्या बहिणीच्या वाटेत जे जे आलं, त्याला ताई आडवी गेली. तो तिचा स्वभावच होऊन बसला.

गेल्या महिन्यात कुरियर कचेरीत साहेबाने धाकटीला सगळ्यांदेखत झापलं. दुसऱ्या दिवशी ताई दुकानाच्या एप्रनसकट तिथे हजर झाली आणि तिने साहेबाची बिनपाण्याने केली. साहेब गप्प झाला, पण कचेरीला विषय मिळाला. धाकटीच्या हातून पार्सल जरा निसटलं तरी शेजारच्या टेबलावरून आवाज यायचा, "ताईंना बोलवायचं का?"

धाकटीने ताईशी बोलणं टाकलं. कचेरीजवळ तिने एक खोली पाहून ठेवली होती आणि घरमालकिणीला उद्या सकाळी होकार कळवायचा होता. ताईच्या हातात होती ती फक्त आजची दुपार.

दर सुट्टीला घड्याळजींच्या दुकानात, शटर अर्धं ओढून, चौघं खेळायला बसत: दोघी बहिणी, घड्याळजी आणि जवळच्या दवाखान्यातला कंपाउंडर. घड्याळजी सूत्रधार. ते गोष्ट सांगत, बाकीचे एकेक पात्र होऊन तिच्यात शिरत आणि अडेल तिथे फासे निकाल देत. प्रत्येक पात्राचा पंथ ठरलेला असे: योद्धा, मांत्रिक, चोर. ताईने घरच्या घरी एक नवा पंथ रचला होता, ढालकऱ्याचा. लहानपणी दोघी बहिणी रद्दीतली कॉमिक्स आणून वाचत, त्यातला हा वीर. दगडासारखी कातडी, आणि दुसऱ्यावरचा वार स्वतःच्या अंगावर घ्यायचा. कॉमिकमध्ये तो कधी थकत नसे. खेळात तसं चालत नाही, म्हणून ताईने त्याला किंमत लावली होती. झेललेल्या वारागणिक एकेक अवयव जड होत जाईल आणि शेवटी त्याचा पुतळा होईल.

धाकटी येईल याची खात्री नव्हती. ती आली आणि ताईच्या समोरची खुर्ची सोडून कोपऱ्यातली घेतली. "घड्याळजींना शब्द दिला होता," ती कुणाकडेही न बघता म्हणाली.

नव्या पंथाची आधी परीक्षा होई. रचणाऱ्याने खेळायचं नाही आणि तोंड उघडायचं नाही. शेवटी एकानेही नाही म्हटलं तर पंथ बाद. म्हणून आज ढालकरी कंपाउंडरकडे गेला, आणि ताई हाताची घडी घालून बसली.

"पडका पूल," घड्याळजी म्हणाले. "पलीकडे फाटक. पहारेकऱ्याच्या कमरेला किल्ली. त्याने बाण लावलाय."

"मी कठड्यावरून सरपटत जाते," धाकटी म्हणाली. तिचं पात्र चोराचं.

बाण सुटला. "मी मध्ये!" कंपाउंडर खुशीत म्हणाला. दुसरा सुटला. "पुन्हा मी." तिसऱ्याला ढालकऱ्याचे पाय दगड झाले.

धाकटी पुढे वाकली. "थांबा. पुढचा मला लागू दे. मी मेल्यासारखी पडेन, तो झडतीला वाकेल, मी किल्ली काढीन."

कंपाउंडरने ताईच्या कागदावर बोट फिरवलं. "वार दिसला की ढालकरी मध्ये पडतोच, असं आहे इथे. मला थांबताच येत नाही."

"मग मी काय करायचं?"

"तुम्ही सुखरूप आहात की."

"सुखरूप बसायला मी घरी नसते का बसले?"

ताईने ओठ आवळले. पुढच्या बाणाला ढालकरी पुरता दगड झाला आणि पुलाच्या मधोमध असा उभा राहिला की कुणालाच पुढे जाता येईना. खेळ तिथेच अडकला.

"पंथ मान्य असेल तर हात वर करा," घड्याळजी म्हणाले आणि त्यांनी स्वतःचा केला. कंपाउंडरनेही केला. "गोळ्या मोजण्यापेक्षा बरं होतं."

धाकटीचे हात टेबलाखालीच राहिले. "माझी ना आहे."

"कारण द्यावं लागतं, बाई."

"ढालकऱ्याला काय काय सोसावं लागतं ते सगळं लिहिलंय. ज्याला वाचवलं त्याचं काय होतं, ते कुठेच नाही."

घड्याळजी ताईकडे वळले. "बाद करण्याआधी एक गोष्ट बदलायची मुभा आहे. शेवटचा डाव पुन्हा खेळू."

वजन कमी करू का, पुतळा उशिरा करू का, अशी उत्तरं ताईने तयार ठेवली होती. त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं.

"मध्ये पडण्याआधी ढालकऱ्याने विचारायचं," ती सावकाश म्हणाली. "नको म्हटलं, तर जागचं हलायचं नाही."

"आणि ती मेली तर?" घड्याळजींनी विचारलं.

ताई म्हणाली, "तरी नाही."

पुन्हा पूल, पुन्हा बाण.

"येऊ का मध्ये?" कंपाउंडरने विचारलं.

"नको," धाकटी म्हणाली. या वेळी ती ताईकडे बघत होती.

घड्याळजींनी फासे टाकले. एक लगेच थांबला, दुसरा एका उघड्या घड्याळाला अडकून तिरका राहिला. त्यांनी तो उचलून पुन्हा टाकला. ताईने टेबलाची कड घट्ट धरली.

"खांद्यात रुतला," घड्याळजी म्हणाले. "जीव आहे, जेमतेम. तू पडलीस. तो वाकतोय."

धाकटीने फासे उचलले, मुठीत जरा वेळ धरले आणि सोडले.

"किल्ली मिळाली," कंपाउंडर पुटपुटला.

धाकटीचा हात कोपरापर्यंतच वर आला, पण आला.

घरी जाताना दोघी एकाच फुटपाथवर, थोड्या अंतराने चालत होत्या. दुधाच्या दुकानापाशी धाकटी थांबली.

"उद्या मी साहेबाशी बोलणार आहे. त्याचं चुकलंच होतं."

ताईच्या तोंडाशी बरंच काही आलं. "मी येऊ का?" एवढंच तिने विचारलं.

"नको."

"बरं."

धाकटी थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिली, जणू पुढचं काही यायचं बाकी आहे. काही आलं नाही.

"खोलीचं उद्या नाही कळवत," ती म्हणाली. "आधी हे होऊ दे."

तिने दुधाची पिशवी घेतली. ताईचा हात ती घ्यायला पुढे झाला होता. तो तिने कुर्त्याच्या खिशात घातला.