ताईचे भोपळे

काशीनाथभाऊंचा फोन आला तेव्हा मी पेणच्या घरी कुकर लावत होते. “बाय, निघून ये. ताय गेली.” ताईच्या गावी, निडीला पोहोचेपर्यंत पाय लटपटत होते, आणि आज महिना उलटून गेला तरी ते थांबलेले नाहीत. मी जन्माची भित्री. ताई कुणाला भ्यायली असं मी कधी पाहिलं नाही.

तिच्या आंब्यांना खवले कीड लागली, तेव्हा फांद्यांवर कोंडा फासल्यासारखा दिसायचा. औषध मारायचं सोडून तिनं मिरीएवढे काळे ढालकिडे आणले. ते खवले खातात. त्यांना पोसायला मागच्या खोलीत लाल भोपळ्यांवर मुद्दाम कीड वाढवली! त्या खोलीत पाऊल टाकायची माझी छाती नव्हती. शेजारच्या वाडीतले काशीनाथभाऊही धास्तावलेले, ही बया कीड पाळते, उद्या आपल्या कलमांवर आली तर? ते पंप घेऊन आले की ताई बांधावर जाऊन उभी राहायची. फवारा उडाला तर आधी ढालकिडे मरतील, कवचाखालचे खवले मात्र तगतील, एवढंच तिचं म्हणणं.

तेराव्याला पानात भोपळ्याची भाजी आली. दोन घास खाल्ले आणि काळजात चर्र झालं... स्वयंपाकाच्या बायकांनी पुढची कीड चढवायला खोलीच्या दारात राखून ठेवलेले कोरे भोपळे चिरले होते. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! हात न धुताच आत धावले. जुने भोपळे सुरकुतलेले, त्यांच्यावरचे खवले संपलेले, ढालकिडे उपाशी, पिंजऱ्याच्या जाळीवर चढलेले. नव्या भोपळ्यावर कीड धरायला कित्येक आठवडे जातात. आता सगळे झाडांवर सोडायचे, एवढंच हाती होतं.

दुसऱ्या सकाळी किडे डब्यांत भरून नेले आणि डोळे अर्धे मिटून मी आंब्यांखाली डबे उघडले. एक किडा मनगटावर चढला, तरी किंचाळले नाही. तेवढ्यात भाऊ पंप पाठीला लावून आले. थोडे दिवस थांबा, म्हणून विनवलं.

“ताय हुबी ऱ्हायची म्हणून थांबायचो. तू तर पेणला जाशील.”

मी गेले नाही. शाळेला रजा कळवली. आता रोज सकाळी ताईच्या जागी बांधावर उभी असते. हात लपवायला पदर मुठीत धरते. काल भाऊंनी पंप खाली ठेवला आणि माझ्या मुठीकडे बघत राहिले.

“ताय पण अशीच थरथरायची,” ते म्हणाले.