शेवटचं प्रकरण राखून

समस्त मालवणकरांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की साठ सालच्या सुमारास आपल्या बंदरावर स्पॅनिश भाषा केवळ खुनांच्या आधारे शिकवली जात होती.

शिकवणारे मास्तर बोटीवरची नोकरी संपवून, ट्रंकभर स्पॅनिश रहस्यकथा घेऊन गावी आले होते. व्याकरण त्यांना मान्य नव्हतं. खुनाची गोष्ट वाचायची, मग चष्मा कपाळावर चढवून आम्हा विद्यार्थ्यांची स्पॅनिशमधून उलटतपासणी घ्यायची. "खोटा बोलाक इला, म्हणजे भाषा इली," असं म्हणायचे. खुनी कोण, हे मात्र सगळ्यांना नीट बोलता येईपर्यंत राखून ठेवायचे.

आमच्याच वर्गातल्या आबा खलाशाला पोटाच्या ऑपरेशनसाठी मुंबईला न्यायचं ठरलं, तेव्हा गोष्ट ऐन रंगात होती. एसटीत चढून बसल्यावर त्याने खिडकीतून विचारलं, "मास्तरानु, खुनी कोण ता तरी सांगा."

"परत ये, मगे सांगतंय."

"आणि मी परत येवंक नाय तर?"

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. इतक्या खुनांतून आम्हाला हसत नेणारा हा माणूस घाबरलेला मी प्रथमच पाहिला. आबाची बायको तोंडाला पदर लावून शेजारी बसली होती.

एसटी हलली. मास्तर छत्री टाकून तिच्यामागे धावले आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असे ओरडले, "आबा, डॉक्टर रे! डॉक्टरानच मारल्यान तेका!"