जी ओळ मरायला हवी होती

तंबाखूच्या संशोधन केंद्रात त्यांना सगळे ताईच म्हणायचे, अगदी साहेबसुद्धा. तंबाखूची चिमूट कधी तोंडात टाकली नाही, आणि उभा जन्म घातला तंबाखूच्याच रोपांत! कळी उमलायच्या आत चिमट्याने तिचे केसर काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, वर कागदी पिशवी बांधायची. हा सगळा खटाटोप मूळकुजीपायी. मेला हा रोग मातीतून येतो, मुळं काळी करतो, आणि काल ताठ उभं असलेलं रोप आज मान टाकतं. त्याला पुरून उरेल असं वाण ताईंना हवं होतं. दहा वर्षं घासल्यावर एक हाती लागलं, निदान त्यांना तसं वाटत होतं.

पण नुसतं वाटून काय उपयोग? केंद्राच्या टोकाला एक रोगट वाफा होता. तिथली माती पाणी तुंबवून मुद्दाम आजारी ठेवलेली. त्यात ताईंच्या वाणाशेजारी या रोगाला लगेच बळी पडणारं एक नाजूक वाण लावायचं. नाजूक मेलं आणि ताईंचं जगलं, तर ताई जिंकल्या. दोन्ही जगली, तर रोग आलाच नाही, परीक्षा बाद! साहेबांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं, "ताई, हा शेवटचा हंगाम. यंदा दिसलं नाही, तर या वाणाचं काम बंद."

नेमक्या तेव्हाच ताई तापाने आडव्या झाल्या. बऱ्या होऊन आल्या, तर नवा माळी हसत सामोरा आला. "ताई, वाफ्यात पाणी तुंबत होतं. रोपांचे हाल बघवेनात. मी चर खणून सगळं बाहेर काढलं. बघा, कशी टवटवीत झालीत!"

बघतात तर काय, दोन्ही ओळी हिरव्यागार! ताईंना माळ्याला चांगलं फैलावर घ्यावंसं वाटलं. पण रोपांची दया आली म्हणून माणसाला कुठल्या तोंडाने झापायचं?

"अरे बाबा," त्या म्हणाल्या, "यातली अर्धी मरायलाच लावली होती."

माळ्याने लगेच फावडं आणलं.

मग दोघांनी मिळून चर बुजवला. आधीच्या हंगामातली कुजकी मुळं चिरून ताईंनी मातीत मिसळली, पाणी पुन्हा तुंबवलं आणि बसल्या वाट बघत. त्यांचा नवरा शिंपी. शिवता शिवता चिडवायचा, "लोक रोपं जगावीत म्हणून देवाला हात जोडतात, आमच्या बाईसाहेब मरावीत म्हणून!" एरवी ताईंनी सव्याज परतफेड केली असती. आता ताट तसंच सोडून वाफ्यावर निघायच्या.

एका सकाळी वाफ्यावर पोचल्या, तर नाजूक ओळ सपशेल आडवी झालेली. शेजारी त्यांची ओळ ताठ. पण वरून ताठ असून भागत नाही. आतून पोखरलेलं रोपही चार दिवस तोरा मिरवतं. ताईंनी जीव घट्ट करून आपलं एक धडधाकट रोप उपटलं. मुळांवरचा चिखल धुतला. मुळं पांढरीस्वच्छ निघाली.

त्या तिथेच चिखलात बसल्या आणि नवऱ्याला फोन लावला. "अहो, मेली! सगळी मेली!"

"आणि आपली?"

"आपली उभी आहेत हो!" आणि त्यांना रडूच फुटलं.

"अगं, मग रडतेस कशाला?"

"रडू द्या की जरा," ताई म्हणाल्या, आणि पोटभर रडल्या.