लाम्पुंगचा मुलगा

समाजकल्याण मंत्रालय बरखास्त झाल्याचं पोनिराहला टीव्हीवरून कळलं. भाताचा टोप चुलीवरून उतरवत होती, तेवढ्यात बातम्या लागल्या. नवे राष्ट्राध्यक्ष गादीवर बसले होते. त्यांनी फर्मान काढून मंत्रालयांची फेरमांडणी केली. काही एकत्र केली, काहींची नावं बदलली आणि हे एक पार पुसून टाकलं. लोकांनीच लोकांची काळजी घ्यावी म्हणे, सरकारचं काय काम. बोलायला झकास. सुंबरेजोच्या सरकारी वृद्धाश्रमात ते लोक म्हणजे एकटी पोनिराह होती, हे त्यांना कुणी सांगायचं?

जेवणाच्या दालनात म्बाह क्रोमोने ताटली वाजवली. आश्रमातल्या सगळ्याच म्हाताऱ्यांना म्बाह म्हणत, म्हणजे आजोबा नाहीतर आजी, आणि पोनिराहला बू, म्हणजे बाई. पण हा म्बाह सगळ्यांत वात्रट.

"बू पोनिराह, खातं गेलं. मग जेवणपण बरखास्त का?"

"गपचूप गिळा. फर्मानात तेम्पेच्या सोयावड्यांचं नाव नाही."

सगळे हसले. ती मात्र स्वयंपाकघरात जाऊन उगाच धुतलेली भांडी पुन्हा धूत बसली.

नवऱ्याने टाकल्यावर ती इथे कपडे धुवायला म्हणून आली आणि इथलीच झाली. म्हाताऱ्यांना आंघोळ घालणं तिचं काम, मेल्यावर शेवटची आंघोळही तिच्याच हातची. डोकं तापट. ठेकेदाराने किडका तांदूळ आणला तेव्हा तिने तो पोतं उलटून त्याच्याच बुटांवर ओतला होता. साहेबलोक तिला वचकून असत. ती वचकायची फक्त म्बाह सातिनेमला.

सातिनेम ऐन उमेदीत पाठीवर टोपली बांधून दारोदार काढा विकायची. आता गुडघे गेले होते, पण मान ताठ होती. तिचा मुलगा सुगेंग लाम्पुंगला, समुद्रापलीकडे. त्याची मिऱ्याची बाग होती, पक्कं घर होतं. ईदेला त्याच्याकडून बातिकचं लुगडं यायचं. सातिनेम ते सगळ्यांच्या देखत उलगडायची आणि नाक मुरडायची. "रंग बघ कसला आणलाय. पोराला अक्कल नाही."

लुगडं पोनिराह बाजारातून आणायची. सुगेंग नव्हताच कधी. हे दोघींनाही ठाऊक होतं आणि त्याबद्दल दोघी कधी चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

पावसाळा सरत आला तेव्हा जिल्ह्याहून पाक हार्तोयो, म्हणजे हार्तोयोसाहेब, आले. इस्त्रीचा शर्ट, आवाज मऊ. आश्रम बंद होणार होता. ज्याचं कुणी आहे त्याला घरी पोचवायचं, तिकीट सरकारचं. ज्याचं कुणीच नाही त्याला प्रांताच्या मोठ्या आश्रमात खाट. साहेबांनी सगळ्यांना दालनात गोळा केलं आणि एकेकाला सर्वांदेखत विचारलं, तुमचं कोण आहे?

शहाणपण बघा साहेबांचं. चारचौघांत उठून 'मला कुणी नाही' असं कोण म्हणेल? आमच्याकडे माणूस उपाशी राहील, पण हे तोंडातून काढणार नाही. कुणी भाचा सांगितला, कुणी मानलेला भाऊ. क्रोमो तेवढा म्हणाला, "माझी भूक आहे साहेब, ती कधी सोडून गेली नाही." त्याला खाट मिळाली.

"माझा सुगेंग आहे," सातिनेम म्हणाली. "लाम्पुंगला. बागाईतदार आहे."

पोनिराहने चहाचा ट्रे तिथेच टेकवला. साहेब पडवीत सिगारेट ओढायला गेले तशी ती मागोमाग गेली.

"पाक, तिला मुलगा नाही. खाट द्या तिला. पण विचारायचं तर एकटीला बाजूला घेऊन विचारा."

साहेबांनी मान डोलावली, आत गेले आणि भर दालनात म्हणाले, "म्बाह, ही बाई म्हणते तुम्हाला मुलगाच नाही. खरं का?"

सातिनेमने पोनिराहकडे पाहिलं. मग अगदी शांतपणे, जुन्या अदबशीर बोलीत म्हणाली, "आमच्या खाटांवर तिची नोकरी आहे, पाक. खाटा रिकाम्या झाल्या की ती काय खाणार? म्हणून बोलते बिचारी."

साहेब ओठांतल्या ओठांत हसले. त्यांना ते लगेच पटलं.

पोनिराहचा संताप टाळूपर्यंत चढला. बाजार, दुकान, दुकानदाराचं नाव, सगळं ती घडाघडा सांगू शकली असती. तोंड उघडलंही. पण खुर्चीचा दांडा धरलेली म्हातारीची बोटं पांढरीफटक पडली होती. पोनिराहने तोंड मिटलं. आयुष्यभर जिथे गप्प बसायचं तिथे ती भांडली होती, आणि भांडायचं तिथे आज गप्प बसली.

बसस्टँडवर ती केळीच्या पानात भात घेऊन गेली. सातिनेम लाम्पुंगच्या बसमध्ये खिडकीशी बसली होती; ही बस पुढे बोटीत चढून समुद्र ओलांडायची.

"उतरा खाली. माझ्याकडे चला."

"तुझ्याकडे कोण म्हणून राहू, न्दुक?" लेकीला हाक मारावी तशी ती पोनिराहला न्दुक म्हणायची.

"म्बाह म्हणून राहा."

"आणि शेजारीण विचारेल, मुलगा का नेत नाही?"

"शेजारणीच्या झिंज्या उपटीन मी."

म्हातारी हसली. "त्या दिवशी तुला चारचौघांत हलकं केलं. मनात ठेवू नकोस."

"लाम्पुंगला उतरून जाणार कुठे?"

मागच्या बाकावर आश्रमातलीच एक बाई भाच्याकडे निघाली होती. ती कान देऊन ऐकत होती. सातिनेमने मान ताठ केली, आवाज चढवला. "सुगेंग येणार आहे ना घ्यायला."

बस सुटली.

पोनिराहची बदली जिल्ह्याच्या वनखात्यात झाली, चहा करायला. कुणाचीच खबर येईना. लाम्पुंगला जाणाऱ्या ट्रकवाल्यांना ती विचारायची. ते खांदे उडवायचे. शेवटी ती जिल्हा कचेरीत गेली. खिडकीवरचा कारकून पोरगेलासा होता.

"हरवलेली म्हातारी? हे समाजकल्याणकडे यायचं, बू. ते तर आता नाही."

"मग आता कुणाकडे?"

"ठरलं नाही अजून. दुसरं फर्मान निघेल तेव्हा ठरेल. तोवर पोलिसांकडे पाठवता येईल, पण अर्ज घरच्याच माणसाचा लागतो. तुम्ही त्यांच्या कोण?"

मागे रांग होती. ओळखीची माणसं होती, बाजारातली, मशिदीकडची. पोनिराहला नवरा कधी सोडून गेला, हे त्यातल्या निम्म्यांना तोंडपाठ होतं.

"सून," पोनिराह खणखणीत आवाजात म्हणाली. "सुगेंगची बायको."