फक्त संशोधनासाठी

पुण्यातल्या एका सरकारी संशोधन संस्थेत मी कॉम्प्युटर सांभाळायचे. तिथे ईमेल आलं तेव्हा ते नेमकं काय असतं हे शहरात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. जोडणी सरकारी पैशाची, म्हणून आमच्या प्रमुखांनी नियम केला: निरोप फक्त संशोधनाचे, खाजगी मजकूर चालणार नाही. सगळ्यांनी खाली सह्या केल्या आणि दुसऱ्या दिवसापासून नियमाला वळसा घालायला सुरुवात केली.

पहिली ओळ संशोधनाची, पुढे सगळं घरचं. ‘नमुन्यांचे निष्कर्ष समाधानकारक. आईचा गुडघा आता बरा आहे. परवा मुलगी पाहिली, उंची कमी वाटली.’ असं रोमन अक्षरांतलं मराठी रोज सकाळी छापून मी ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. सगळ्यांच्या घरचं सगळं मला कळायचं आणि, खोटं कशाला बोलू, मजा यायची. प्रमुखांनाही हे माहीत असणार, पण खणातला कागद त्यांनी कधी उचलून पाहिला नाही.

नियम पाळणारे एकटे तेच. त्यांची मुलगी अमेरिकेत बाळंतपणासाठी दवाखान्यात होती, रक्तदाब वाढलेला. सदाशिव पेठेतला घरचा फोन चार दिवस बंद, आणि बूथवरून लावला तर मुलीच्या घरी कुणी उचलत नव्हतं. जावई तिथल्या विद्यापीठात शिकवायचा, त्याचा ईमेलचा पत्ता आमच्या यादीत होता.

“सर, विचारू का?”

“नियम कुणी लिहिलाय?”

“आपणच.”

“मग झालं तर.”

दिवसभर हा माणूस समोर एकच फाइल उघडून बसला, जेवलासुद्धा नाही. मला त्यांचा भयंकर राग आला. संध्याकाळी त्यांना न सांगता मी जावयाला विचारलं, तेही संशोधनाची ओळ न घालता.

सकाळी उत्तर आलं. ‘मुलगी झाली. दोघी सुखरूप.’ कागद मी त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

“हा खाजगी मजकूर आहे.”

“हो, सर.”

“तुम्ही विचारलंत?”

“हो.” नोकरी गेली असंच मी धरून चालले होते.

“अहो, मोडायचाच होता तर नीट तरी मोडायचा! वजन किती, दिसते कुणासारखी, काहीच कसं विचारलं नाहीत? चला, लिहा.”

मी टाइप करत होते. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहून सांगत होते, आणि दर दोन शब्दांनी चष्मा पुसत होते.