कडू घास आणि पूरग्रस्तांची यादी

वैनगंगेच्या पुरानंतर किरनापूरकडची माणसं बालाघाटच्या एका शाळेत आणून ठेवली होती. तिथं नोंदी घेणारा बाबू मी होतो. एक माणूस रोज टेबलाशी येऊन एकच सांगायचा, "पोरीचा हात सुटला जी माह्या हातातून." मी म्हणायचो, "ते लिहिलं. घर कच्चं का पक्कं, ते सांगा."

एक निवृत्त नर्सबाई पूरग्रस्त कुटुंबांची यादी मागायला आल्या. आपल्यात मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी कडू घास घेऊन येतात, जवळ बसतात, रडू देतात. "इथं साऱ्यांच्याच घरी मयत. घास आणंल कोण?" बाई म्हणाल्या. बाईंनी शहरातली वीसेक घरं तयार केली होती. एकेका घरानं एकेक कुटुंब धरायचं, डबा न्यायचा आणि ऐकत बसायचं.

"जेवण तर सरकार देऊन राह्यली, बाई."

"सरकार जवळ बसते काय रे बाबू?"

यादी तयार नाही, असं मी सांगितलं. तयार होती. ती बाहेर द्यायला साहेबांची परवानगी लागायची, ती मागायला घाबरत होतो, एवढंच. चार दिवस बाई आल्या, चार दिवस मी तेच सांगितलं. पाचव्या सकाळी पोरीच्या हाताचं सांगणारा तो माणूस शाळेमागच्या विहिरीत मेलेला सापडला.

दुपारी कोणालाही न विचारता मी यादीची नक्कल बाईंच्या हातात दिली.

"झाली तयार?"

"हौ," म्हणालो. तेही खोटंच. यादी आधीच तयार होती, हे आजवर कोणाला बोललो नाही.

बाईंनी यादीतल्या त्या माणसाच्या नावावर बोट ठेवलं. "याची बायको आता तुह्या घरच्या वाट्याले."

मी डबा घेऊन गेलो. घास तिनं हातात धरून ठेवला. "तुमी तर रोज ऐकत होते त्याचं. काय म्हणे तो?" माझ्याजवळ ते एकच वाक्य होतं. तिनं ते पुन्हा पुन्हा विचारलं, मी पुन्हा पुन्हा सांगितलं. मग तिनं घास खाल्ला. त्यानंतर रोज दुपारी एकला मी डबा घेऊन तिच्याजवळ बसू लागलो.

न विचारता यादी दिली म्हणून साहेबांनी माफीनामा मागितला. मी लिहून दिलं: यादी दिल्याचा खेद नाही, उशिरा दिल्याचा आहे.

"ये बदलो. और वहाँ बैठना बंद करो."

"नहीं साहब. दोनों नहीं."

"नौकरी जाएगी, बाबू."

घड्याळात एक वाजला होता. ती वाट पाहत असणार. साहेबांच्या समोरूनच डबा उचलला आणि शाळेकडे निघालो.