लिंबाखालची खुर्ची

सुंदरमावशीचा घात मी केला. मागच्या वर्षी, दसऱ्यानंतरच्या सोमवारी, भर सकाळी. तिथं गाव हजर होतं, तरी आजवर मी हे कुणाजवळ बोललेलो नाही. तुम्हाला सांगतो.

आधी जमिनीचं — त्यावर मला बोलता येतं. पोखर्णीच्या रस्त्यालगत आमचं गाव. जहागिरी कायद्यानं संपल्या, असं शाळेत शिकवतात. आमच्या गावात येऊन शिकवा ना! ओढ्यापासून गावठाणापर्यंतचं रान अजून एकाच घराचं, आणि त्या घरच्या मालकाला गाव अजून 'सरकार' म्हणतं. ओढ्याकाठचा त्यांचा एक तुकडा मावशीचं घर तीन पिढ्या कसत होतं. दगड यांनी वेचले, बांध यांनी घातले. सरकारांनी तो विकायला काढला, तेव्हा कूळ म्हणून हक्क माग, असं मावशीला मीच सांगितलं. आमच्या संघटनेचं पत्रकही माझंच — 'यापुढे कुणी चपला हातात घेऊन उभा राहणार नाही!'

नायब तहसीलदार चौकशीला येणार होते. तिची ऊसतोडीची टोळी कारखान्याकडं निघून गेली, मावशी जबाबासाठी मागं थांबली. आदल्या दिवशी म्हणाली, "लेकरा, तू निस्ता माझ्या बाजूला उभा ऱ्हाय. मंग बघ मी कशी बोलते."

एवढंच मागितलं होतं तिनं.

सरकारांच्या दारात लिंबाखाली तीन खुर्च्या. एक साहेबांची, एक सरकारांची, एक रिकामी. बाकी गाव मातीत. मला बघून सरकार हसले. "या लीडर, असे या. उन्हात कामून उभे? आपलं काय भांडण हाय का?"

मी बसलो.

धमकी नव्हती, पैसा नव्हता. मग का? — बरं वाटलं म्हणून. माझे वडील त्या दारात जन्मभर उभेच राहिले. मला वाटलं, मी जिंकलो. ही सबब नाही, झालं ते सांगतोय. मागून कुणीतरी म्हणालं, "बसा, बसा, खुर्ची काई चावत न्हाई." हशा झाला. मावशी हसली नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं, सरकारांकडं पाहिलं, आणि पदर सावरून साहेबांना म्हणाली, "जमीन सरकारचीच हाय. आमी रोजानं राबतो."

तेव्हा तरी उठायचं की नाही? पाय होते, तोंड होतं. सरकारांनी चहा मागवला होता. मी तो प्यालो.

तुकडा विकला गेला. तिथं आता तारेचं कुंपण आहे. मावशी या वयात कोयता घेऊन कारखान्यावर गेली.

आणि हे अर्धंच झालं. संघटनेच्या मानवतच्या बैठकीत सहकाऱ्यांनी विचारलं, केस कशी गेली? मी म्हणालो, "बाई फुटली. सरकारांनी काहीतरी दिलं असणार." — आवाज हललासुद्धा नाही माझा. ते तिथून गावोगाव गेलं. आता आमच्या शिबिरात नव्या पोरांना फितुरीचा दाखला म्हणून तिचं नाव सांगतात. मी समोर बसून मान डोलावतो. ती तोडीवरून परतली, तेव्हा तिच्याच भावकीनं विचारलं, किती घेतले गं? तिला माझं नाव घेता आलं असतं. घेतलं नाही.

मावशीनं कुणाकडून काहीही घेतलेलं नाही. तुमच्यासमोर कुणी तिला फितूर म्हणालं, तर त्याला तिथंच अडवा. आणि फितूर कोण, ते माझं नाव घेऊन सांगा.